मुंबई दोघांत, दोन दिवसांत: फोर्ट पायी, घारापुरी लाँचने

मुंबई बघायला आलेल्यांचा निम्मा दिवस ट्रॅफिक बघण्यात जातो. सकाळी ‘मुंबई दर्शन’च्या बसमध्ये बसायचं, खिडकीतून इमारती सरकताना बघायच्या, चार ठिकाणी वीस-वीस मिनिटं उतरायचं आणि रात्री पाय न दुखता डोकं दुखत परतायचं. जुनी मुंबई अशी बघायची गोष्टच नाही. सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) स्टेशनापासून गेटवेपर्यंतचं अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास आहे आणि बघण्यासारखं बरंचसं त्याच पट्ट्यात आहे. जागतिक वारसा यादीत मुंबईशी जोडलेली तीन नावं आहेत: १९८७ साली घारापुरीची, म्हणजे एलिफंटाची लेणी, २००४ साली सीएसएमटीची इमारत, आणि २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या व मरीन ड्राइव्हच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती. दोन दिवसांत तिन्ही नीट बघून होतात. वार चुकला, सामान पाठीवर राहिलं किंवा लाँच उशिरा पकडली, तर मात्र होत नाहीत.

खालचा बेत बाहेरगावाहून येणाऱ्या दोन मित्रमैत्रिणींसाठी आहे. ठाणे-कल्याणकरांनाही चालेल, कित्येकांनी घारापुरी शाळेच्या सहलीनंतर पाहिलेली नसते.

१. आधी वार ठरवा, मग तारीख

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. दुसऱ्या दुपारच्या बेतातली भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते. रविवारी फोर्टातली ऑफिसं बंद, म्हणून रस्ते मोकळे आणि इमारती निवांत बघता येतात; पण त्याच दिवशी घारापुरीच्या लाँचला सगळ्यात मोठी रांग लागते. त्यामुळे शनिवारी घारापुरी आणि रविवारी फोर्ट, हा क्रम. उलटा केलात तर दोन्ही दिवस गर्दीत जातील. सुट्टी मिळत असेल तर गुरुवार-शुक्रवार आणखी चांगले, फक्त मग फोर्टात ऑफिसला जाणारा लोंढा अंगावर घ्यायची तयारी ठेवा.

हवेच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात आणि ते त्याच सकाळी कळतं. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या सुमारास गेटवेच्या परिसरात कार्यक्रम असतात, तेव्हा तिथे बंदोबस्त आणि वळवलेले रस्ते गृहीत धरा.

२. कुठे उतरायचं, कुठे राहायचं

तिकीट काढताना शेवटचं स्टेशन वाचा. सीएसएमटी आणि एलटीटी ही दोन वेगळी टर्मिनस आहेत. एलटीटी म्हणजे कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस. तिथे उतरलात तर सकाळचा दीड तास बॅगा ओढण्यात गेलाच. कोल्हापूरची महालक्ष्मी, सोलापूरची सिद्धेश्वर, विदर्भातून येणारी विदर्भ एक्स्प्रेस या रात्रीच्या गाड्या सकाळी सीएसएमटीला येतात. या बेताला त्या अगदी जुळतात.

राहायला दोन भाग सोयीचे: सीएसएमटी-फोर्ट किंवा दादर. फोर्टात राहिलात तर सगळं पायाखाली, पण खोल्या लहान आणि पैसे जास्त. दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे मिळतात, मराठी जेवणाची ददात नाही. लॉज घेताना फोनवर चार प्रश्न विचारा: खोलीला खिडकी आहे का? संडास-बाथरूम खोलीत आहे की सामायिक? चेकआउट दुपारी बाराला की चोवीस तासांचं? आणि आधारकार्ड दोघांचंही लागेल ना? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं, पण एकजण मूळ ओळखपत्र घरी विसरून येतोच. मोबाइलमधला फोटो काही ठिकाणी चालत नाही.

खोली दुपारी मिळणार असेल तर सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा. त्यासाठी प्रवासाचं तिकीट लागतं आणि बॅगेला कुलूप लागतं. कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. स्टेशनबाहेर कुलूप मिळतं, पण ते शोधत फिरण्यापेक्षा घरून आणलेलं बरं.

३. पिशवीत काय हवं

• दोघांची मूळ ओळखपत्रं आणि परतीचं तिकीट
• बॅगेचं छोटं कुलूप
• प्रत्येकी एक लिटर पाणी, टोपी, पॉवरबँक
• दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा; यूपीआय सगळीकडे चालतं, पण बेटावर नेटवर्क रुसतं
• चालून चालून मुरलेले बूट किंवा चपला. नवे बूट या सहलीत घालू नका
• लाँचमध्ये मळमळणाऱ्यांसाठी आवळासुपारी किंवा नेहमीची गोळी

ट्रायपॉड आणू नका. लेण्यांत तो पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय लावू देत नाहीत. ड्रोन तर मुंबईत पोलिसांच्या परवानगीशिवाय उडवायचाच नाही.

४. लोकल: दोघांनी चढायचं कसं

नवख्या माणसाची इथेच तारांबळ उडते, म्हणून जरा सविस्तर.

तिकीट खिडकीवर, एटीव्हीएम यंत्रावर किंवा रेलवन अ‍ॅपवर काढता येतं. मोबाइलवरचं तिकीट प्लॅटफॉर्मवर जाण्याआधी काढायचं. टीसी समोर उभा राहिल्यावर काढलेलं तिकीट ग्राह्य नाही आणि एकाने दुसऱ्याला पाठवलेला स्क्रीनशॉटही नाही. दोघांचं तिकीट एकाच्याच मोबाइलवर असेल तर दोघांनी एकाच डब्यात राहायला हवं. खूप फिरणार असाल तर खिडकीवर एक, तीन आणि पाच दिवसांचं पर्यटक तिकीट मागा. असं तिकीट असतं हे बऱ्याच मुंबईकरांना ठाऊकच नाही.

साध्या तिकिटावर फर्स्ट क्लासमध्ये आणि एसी लोकलमध्ये बसता येत नाही. फर्स्टच्या डब्यावर बाहेरून तिरके पट्टे असतात. आत शिरल्यावर सीट मऊ वाटली, गर्दी कमी दिसली की ‘वा, जागा मिळाली’ म्हणून बसू नका. दंड किमान अडीचशे रुपये, शिवाय भाडं.

इंडिकेटरवर आधी कुठे जाणार त्याचं अक्षर, मग एस किंवा एफ, मग वेळ. एस म्हणजे स्लो, सगळी स्टेशनं घेते. एफ म्हणजे फास्ट, मधली गाळते. मध्य रेल्वेवर भायखळ्यापर्यंत जायचं तर स्लोच बघा.

गर्दीची दिशा लक्षात ठेवा: सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे, संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे. या वेळेत उलट दिशेने जाणाऱ्या गाडीत ऐसपैस बसता येतं. दादरहून गेटवेला निघायचं असेल तर शनिवार असला तरी साडेसातच्या आत निघा.

आता दोघांचा नियम. गाडी आली, एक चढला, दुसरा राहिला. हे होतंच. चढलेल्याने पुढच्याच स्टेशनवर उतरून तिथेच, उतरलेल्या जागी थांबायचं. राहिलेल्याने मागची गाडी पकडून तिथे उतरायचं. दोघांनी एकदम एकमेकांकडे यायला निघायचं नाही. गाडी फास्ट असेल तर पुढचं स्टेशन म्हणजे तिचा पुढचा थांबा, आणि मागून येणारीही फास्टच पकडायची. एक मुलगा आणि एक मुलगी असाल तर गर्दीत तिने बायकांच्या डब्यात जाणं शहाणपणाचं. मग कुठे उतरायचं आणि प्लॅटफॉर्मवर कोणत्या टोकाला भेटायचं हे चढण्याआधी ठरवा. फोनवर भरवसा ठेवू नका. पिकअवरच्या डब्यात हात खिशापर्यंत जात नाही.

चढल्यावर दारात उभं राहायचं नाही, आत सरकायचं, पाठीवरची सॅक पोटावर घ्यायची.

रविवारी दुरुस्तीसाठी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक, पश्चिमेवर जम्बो ब्लॉक असतो, साधारण सकाळी दहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत. कुठून कुठपर्यंत ते शनिवारच्या वर्तमानपत्रात येतं. रद्द गाड्यांपेक्षा उशिरा धावणाऱ्या गाड्यांचाच त्रास जास्त, हे धरून अर्धा तास हातचा ठेवा.

विमानाने येत असाल तर भुयारी मेट्रो ३ दोन्ही टर्मिनलवरून सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेटपर्यंत थेट येते. तिकीट खाली उतरण्याआधी काढा. रिक्षा वांद्रे-सायनच्या दक्षिणेला येत नाही, तेव्हा फोर्टात रिक्षा शोधू नका. इथे काळीपिवळी टॅक्सी. मीटर टाकायला सांगा, दीड किलोमीटरपर्यंत ३१ रुपये.

५. शनिवार सकाळ: घारापुरी

साडेआठला गेटवेवर पोहोचा. प्रवेशाला तपासणी असते, बॅग उघडून दाखवावी लागते. पहिली लाँच नऊच्या सुमारास सुटते. तिकीट परतीचंच मिळतं, म्हणून चिठ्ठी पाकिटात नीट ठेवा. येताना ती दाखवावी लागते. आणि रांग नीट बघून उभे राहा: याच गेटवेवरून मांडव्याच्या, म्हणजे अलिबागच्या बोटीही सुटतात. वरच्या मजल्यावर बसायला लाँचमध्ये वेगळे थोडे पैसे घेतात. जाताना द्यावेत, येताना दुपारच्या उन्हात देऊ नयेत. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि अंगावर बांधा, मांडीवर ठेवू नका. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर झालेला अपघात अजून कोणी विसरलेलं नाही.

तासाभराचा प्रवास. बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं. धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे. रांग असेल तर चालत जा, दहा-पंधरा मिनिटं लागतात. ग्रामपंचायतीचा कर इथे भरायचा, लेण्यांचं तिकीट वर. म्हणजे लाँच, ग्रामपंचायत, पुरातत्त्व खातं अशी तीन वेगळी तिकिटं. ‘पुन्हा पैसे का?’ म्हणून खिडकीवर हुज्जत घालणारे रोज दिसतात. पुरातत्त्व खात्याचं तिकीट ऑनलाइन काढलं की रांग वाचते. ते गेटवेवरच काढून ठेवा.

वर चढायला शंभरावर पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. खरेदी येताना. काकडी-कैरी हातात धरून चढू नका, माकडं हिसकावतात. पाण्याची बाटलीही सॅकच्या आत.

पहिल्या क्रमांकाचं लेणं हेच मुख्य. सहाव्या शतकाच्या मध्याचं मानलं जातं. लोक दारातून थेट समोरच्या महेशमूर्तीकडे जातात, सेल्फी घेतात आणि निघतात. तुम्ही आधी दारातच थांबा. आत शिरताना उजव्या हाताला नटराज आहे, डाव्या हाताला योगीश्वर: एकीकडे सगळं अंग गतीत, दुसरीकडे सगळं स्थिर. ही जोडी बघून मग आत चला, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटं काहीच बघू नका. महेशमूर्ती मागच्या भिंतीत, सुमारे वीस फूट उंच. मधला चेहरा शांत, तुमच्या डावीकडचा उग्र, उजवीकडचा सौम्य. हिला सर्रास ‘त्रिमूर्ती’ म्हणतात आणि ब्रह्मा-विष्णू-महेश असं सांगून मोकळे होतात, पण तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. तिच्या डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर. मग शिवलिंगाचा चार दारांचा गाभारा, त्याचे द्वारपाल, आणि भोवती कल्याणसुंदर (शिव-पार्वतीचं लग्न), अंधकासुरवध, कैलास हलवणारा रावण. बऱ्याच मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत. म्हणून रावणाच्या शिल्पापाशी लोक थांबत नाहीत. तिथे पाच मिनिटं द्या. एवढ्या मोडतोडीतही पर्वताखालची धडपड दिसते.

फ्लॅश वापरू नका. दगड सपाट दिसतो आणि फोटो वाया जातो. बाजूच्या अंगणांतून येणारा तिरपा उजेड मूर्तींवर पडतो, त्यात फोटो आपोआप चांगला येतो.

बाकीची लेणी अर्धवट कोरलेली आहेत, अर्ध्या तासात होतात. तोफांच्या टेकडीवर जायचं की नाही हे ऊन बघून ठरवा. बेटावर दोन-अडीच तास पुरतात. शेवटची लाँच साडेपाचच्या सुमारास असते, पण तिची वाट बघू नका. एकची गाठली की दोनला गेटवेवर. पर्यटकांना रात्री बेटावर राहता येत नाही.

६. शनिवार दुपार आणि संध्याकाळ

गेटवे आता बघा. सकाळी रांगेच्या घाईत बघायचा नाही. पंचम जॉर्ज १९११ साली इथे उतरले त्याची ही आठवण, पण ते उतरले तेव्हा कमान नव्हतीच. ती १९२४ साली पूर्ण झाली. समोरचं ताज हॉटेल १९०३ चं, म्हणजे कमानीहून जुनं. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. कॅमेरावाले ‘एक फोटो, लगेच प्रिंट’ म्हणत मागे लागतात. हवा असेल तर किती फोटो, किती पैसे हे आधी ठरवा, नाहीतर दहा प्रिंट हातात येतात.

जेवून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. सकाळी सव्वादहा ते संध्याकाळी सहा उघडं असतं. सगळं बघायचा हट्ट धरलात तर पाय जातील. तळमजल्यावरची शिल्पं आणि लघुचित्रांचं दालन, बस्स. बरोबरचा माणूस प्रत्येक पाटी वाचणारा असेल आणि तुम्ही भरभर चालणारे असाल, तर इथे वेगळे व्हा आणि साडेपाचला मधल्या घुमटाखाली भेटा. मैत्री टिकते.

रात्री जेवणानंतर सीएसएमटीसमोर या. इमारत पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी तिचा दर्शनी भाग सावलीत असतो आणि फोटो काळपट येतो. दुपारचं ऊन किंवा रात्रीची रोषणाई, याच दोन वेळा. महापालिकेच्या बाजूने उभे राहा.

७. रविवार सकाळ: सीएसएमटी ते काळा घोडा

साडेसातला निघा. लॉज सोडून सामान क्लोकरूममध्ये ठेवा, समोर वडापाव-चहा घ्या. रविवारी फोर्टातल्या खाऊगल्ल्या आणि बरीच उपाहारगृहं बंद असतात, तेव्हा पोट भरूनच पुढे व्हा.

सीएसएमटीचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा, काम १८७८ साली सुरू झालं. प्रवेशदाराच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ: सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा. मान वर करून भिंतींवरची माकडं, मोर शोधा. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पहिली गाडी निघाली ती या भव्य इमारतीतून नव्हे. तेव्हाचं बोरीबंदर साधं स्टेशन होतं.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेला. इमारतींच्या कमानींखालून चाला, सावली मिळते. शेवटी हुतात्मा चौक. इथे दोन काळ शेजारी शेजारी उभे आहेत: १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि मशाल धरलेले शेतकरी-कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला तो इथेच. घाईने रस्ता ओलांडून जाऊ नका, स्मारकापाशी जा.

मग डावीकडे वळून वीर नरिमन रस्त्याने हॉर्निमन सर्कलकडे. वाटेत सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८ चं. चर्चगेट या नावातलं चर्च ते हेच: किल्ल्याच्या तटाला तीन दरवाजे होते, त्यातला एक या चर्चकडे जाणारा. तट १८६० च्या दशकात पाडला, नाव स्टेशनाला चिकटून राहिलं. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते. ती संपेपर्यंत बाहेर थांबा. सर्कलच्या पलीकडे टाउन हॉल, १८३३ चा, एशियाटिक सोसायटीचा. त्याच्या तीस पायऱ्यांवर बसायची जागा म्हणजे फोर्टातली सगळ्यात चांगली विश्रांती, फक्त प्री-वेडिंगवाल्यांच्या फ्रेममधून बाजूला बसा.

तिथून काळा घोडा. निळं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८८४ चं. आत जायला ओळखपत्र दाखवावं लागतं. डेव्हिड ससून लायब्ररी, जहांगीर आर्ट गॅलरी इथेच. चौकातला घोडा बिनस्वाराचा आहे आणि २०१७ चा आहे. ज्याच्यावरून नाव पडलं तो राजा एडवर्डचा पुतळा केव्हाच राणीच्या बागेत गेला. चालणं आतापर्यंत तीन-साडेतीन किलोमीटर झालं असेल, आणि अकरा वाजले असतील. आता उन्हात हट्टाने ओव्हलवर जाऊ नका.

८. दुपार: ज्या हत्तीमुळे ‘एलिफंटा’

सीएसएमटीहून स्लो लोकल, तिसरं स्टेशन भायखळा. पूर्वेला उतरून दहा मिनिटांत राणीची बाग. इथल्या संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगिजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ म्हटलं ते या हत्तीवरून. १८६४ साली इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायला उचलला आणि तो फुटला. तुकडे मुंबईत आणून १९१४ साली पुन्हा जोडले. जवळून पाहिलं की सांधे दिसतात. काल लेणी बघून आज हा बघणं, असा क्रम कुठलीही बस जुळवून देत नाही. एडवर्डचा पुतळाही याच आवारात आहे.

जमत नसेल, पाय बोलत असतील, तर ही पायरी गाळा आणि दादरला जाऊन मिसळ खाऊन या. त्यातही काही बिघडत नाही.

९. संध्याकाळ: ओव्हल आणि मरीन ड्राइव्ह

साडेचारला ओव्हल मैदानाच्या मधल्या पायवाटेवर उभे राहा. पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ चे. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. नुसतं वळून बघायचं, मध्ये साठ वर्षं जातात. गॉथिक इमारतींची तोंडं मैदानाकडे, म्हणून मावळतीचं ऊन थेट त्यांच्यावर पडतं. राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटर उंच; प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव दिलं. वरच्या भागात पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या समाजांचे पुतळे आहेत, ते दिसायला मोबाइलचा झूम पुरतो.

इरॉस सिनेमावरून चर्चगेट, तिथून पाच मिनिटांत मरीन ड्राइव्ह. कठड्यावर बसा. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने दिवे लागून ‘राणीचा हार’ पूर्ण होतो. लोक सूर्य बुडाला की उठतात, तुम्ही उठू नका.

१०. परत

चर्चगेट पश्चिम रेल्वेचं, तुमची गाडी सीएसएमटीहून मध्य रेल्वेची. दोन्हींमध्ये लोकल नाही. पायी पंचवीस मिनिटं, मेट्रो ३ किंवा टॅक्सी. गाडीच्या तासभर आधी क्लोकरूमची पावती घेऊन हजर व्हा. पावती ज्याच्याकडे आहे तोच वाटेत पाणी आणायला जातो, म्हणून ती आधी दुसऱ्याच्या हातात द्या. लांब पल्ल्याच्या गाड्या आठ ते अठरा नंबरवरून सुटतात. एक ते सात लोकलचे, तिथे बॅगा घेऊन शिरलात तर गर्दी उलट्या दिशेने ढकलत आणेल.